तेल्हाऱ्याहून निघताना

गेल्या आठवड्यात एका कामासाठी आम्हाला अकोल्याला जायचे होते, म्हणून पहाटेच तेल्हाऱ्याच्या बसस्थानकावर येऊन बसलो. अजून उजाडायचे होते. शेजारच्या बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत दवाखान्याचे कागद. तिने विचारले, "भाऊ, अकोल्याची गाडी लागली काय?"

आम्ही म्हटले, "नाही आजी, अजून लागायची आहे."

"मंग बरं झालं. गेली म्हनून मी तं घाबरलीच होती."

थोड्या वेळाने ती आपणहूनच बोलू लागली. तिच्या खेड्याहून इतक्या सकाळी काहीच निघत नाही, म्हणून ती आदल्या संध्याकाळीच लेकीकडे मुक्कामाला आली होती. सोबत सून येणार होती, पण कापूस वेचणीचे दिवस. सून आली असती तर तिचा रोज बुडाला असता. "एका सुईसाठी दोन दिस जातात माहे," म्हातारी म्हणाली, आणि हसली.

हे दोन दिवसांचे गणित आमच्या डोक्यातून काही जाईना. रस्ता, गाडी, पूल, रूळ या गोष्टी वर्तमानपत्रात येतात त्या कोटी रुपयांच्या आकड्यांत. आपल्या घरात त्या येतात त्या बुडालेल्या रोजाच्या रूपाने, कॉलेज सुटलेल्या पोरीच्या रूपाने, दवाखान्यात उशिरा पोचलेल्या बाळंतिणीच्या रूपाने. म्हणून यावेळी या सदरात आम्ही आमच्या तालुक्याच्या वाटांविषयीच लिहायचे ठरवले.

तेल्हारा हे अकोला जिल्ह्यातल्या सात तालुक्यांपैकी एका तालुक्याचे गाव. गावाला रेल्वे नाही. बाहेर पडायचे तर पूर्वेला अडगाववरून अकोट, उत्तरेला हिवरखेड आणि पुढे सातपुड्याचा पायथा, पश्चिमेला बुलढाणा जिल्ह्यातले वरवट बकाल, आणि दक्षिणेला शेगाव. अकोल्याला जायचे तर यांतली एक वाट धरून मग मोठा रस्ता गाठायचा. मोठा दवाखाना, कलेक्टर कचेरी, जात पडताळणीचे काम, नोकरीची परीक्षा हे सारे अकोल्यात. नागपूरला दीक्षाभूमीवर किंवा मुंबईला चैत्यभूमीवर जायचे तरी आधी शेगाव किंवा अकोल्याचे स्टेशन गाठावे लागते. म्हणजे आमच्याकडे प्रवासाचा पहिला टप्पा हाच सगळ्यांत अवघड असतो. अकोल्याहून मुंबई एका रात्रीत येते, पण खेड्यातून अकोला यायला कधी कधी आदला दिवस लागतो.

हे असे का, याचे मूळ जुने आहे. वऱ्हाडात रेल्वे आली ती माणसांसाठी नव्हे, कापसासाठी. भुसावळहून अकोला, बडनेरा करीत रूळ 1867 साली नागपूरला पोचले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची भूक लागली होती. 1870 साली खामगावसाठी वेगळा फाटा टाकला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता, कारण खामगावचा कापूस बाजार मोठा होता. त्यापूर्वी हा माल बैलांच्या पाठीवर लादून तांडे थेट मिर्झापूरपर्यंत नेत असत. रस्तेही त्याच हिशेबाने झाले. बाजारातून स्टेशनकडे जाणारा रस्ता पक्का, आणि एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात जाणारा कच्चा. रुईची गाठ कुठून कुठे जाते हे सरकारला ठाऊक होते. ती रुई वेचणारी बाई कुठून कुठे जाते हे कोणी विचारले नाही. अकोट, तेल्हारा हा कापसाचा मुलूख मुख्य लोहमार्गाच्या उत्तरेला, पूर्णा नदीच्या पलीकडे राहिला.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दीड दशकात खंडवा ते हिंगोली हा मीटरगेज मार्ग झाला आणि आमच्या भागात प्रथमच शिट्टी ऐकू आली. अकोट, अडगाव, हिवरखेड, वाण रोड, मग धूळघाटचे ते प्रसिद्ध वळण, जिथे गाडी डोंगर चढताना स्वतःच्याच रुळांवरून वर्तुळ घेऊन जाते. लहानपणी हे पाहायला खिडकीशी भांडणे होत. या मार्गाने उत्तरेचे आणि दक्षिणेचे मीटरगेज जोडले गेले. जयपूरकडून हैदराबादकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच रुळांवरून धावे. पण आम्हाला प्रेम होते ते पॅसेंजरवर. तिकीट स्वस्त, आणि गाडीत बकरी, भाजीची पाटी, सरपणाची मोळी, सगळे चालत असे. मेळघाटातले कोरकू बांधव मजुरीसाठी खाली उतरत ते त्याच गाडीने, आणि परत जात तेही त्याच गाडीने.

ब्रॉडगेज करायचे म्हणून अकोला ते अकोट आणि पुढचा हा मार्ग जानेवारी 2017 पासून बंद झाला. आमच्यातल्या अनेकांनी मनाची समजूत घातली की दोन-तीन वर्षे कळ काढू, मग मोठी गाडी येईल. अकोला ते अकोट या सुमारे 44 किलोमीटरच्या टप्प्यावर गाडी सुरू झाली ती 23 नोव्हेंबर 2022 रोजी. म्हणजे जवळजवळ सहा वर्षांनी. या सहा वर्षांत पाचवीतली मुलगी अकरावीत जाते. आणि गाडी आली तीही अकोटपर्यंतच.

अकोटपुढे अडले कशावर, तर वाघावर. जुना मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून 40 किलोमीटरच्या आतबाहेर जातो. तिथे रुंद रूळ टाकून वेगाच्या गाड्या सोडल्या तर जंगलाचे दोन तुकडे होतील, असे वन्यजीव जाणकारांचे म्हणणे. ऑगस्ट 2020 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वे मंत्रालयाला पत्र लिहून मार्ग जंगलाबाहेरून वळवावा असे सुचवले. वळणाची वाट हिवरखेड, सोनाळा, जामोद अशी बुलढाणा जिल्ह्यातून फिरून पुन्हा तुकईथडला मिळते. ती साधारण 30 किलोमीटरने लांब पडते, पण वाटेत कितीतरी गावे लागतात ज्यांनी आजवर दारात रेल्वे पाहिली नाही.

आमचे मत विचाराल तर आम्ही वळणाच्या बाजूचे आहोत. जंगलातून गेलेल्या गाडीला वाटेत माणसे मिळत नाहीत. पायथ्याच्या गावांतून गेलेल्या गाडीला हिवरखेडपासून जामोदपर्यंत प्रत्येक स्टेशनवर गर्दी मिळेल, आणि संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या मजुरालाही. वाघही राहील, माणूसही पोचेल. मात्र 'वळण की सरळ' या वादात हिवरखेड आणि अडगावच्या फलाटांवर गवत वाढू देणे हा काही तोडगा नव्हे. ही दोन्ही गावे तर कोणत्याही वाटेने जंगलाच्या अलीकडेच आहेत. तिथवर गाडी आणायला कोणता वाघ आडवा येतो, हे कोणीतरी आम्हाला समजावून सांगावे.

आता रस्त्याकडे येऊ. ऑक्टोबर 2022 मध्ये अकोट-अकोला रस्त्यावरचा गांधीग्रामचा इंग्रजांच्या काळातला पूर्णेवरचा पूल तडा गेल्यामुळे वाहतुकीला बंद करावा लागला. एका दिवसात दोन तालुक्यांचा अकोल्याशी असलेला सरळ संबंध तुटला. गाड्या लांबचा फेरा घेऊन जाऊ लागल्या. तासाच्या वाटेला दोन तास आणि भाडेही तसेच. त्याच्या आधी 2021 च्या दिवाळीपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला होता. कर्मचाऱ्यांच्या मागण्या खऱ्या होत्या, त्यांच्यातही आपलीच माणसे आहेत, त्याबद्दल आम्ही तक्रार करीत नाही. पण रूळ बंद, मग एसटी बंद, मग पूल बंद, हे एकामागून एक आले तेव्हा ज्याच्या दारात मोटारसायकल होती त्याचे निभावले. ज्याच्या दारात नव्हती त्याच्या घरातले आधी काय बंद झाले? पोरीचे कॉलेज. पोराला कोणाच्या तरी मागे बसवून पाठवता येते. पोरीला "पुढच्या वर्षी पाहू" असे सांगण्यात येते. आमच्या ओळखीच्या दोन मुलींचे ते पुढचे वर्ष अजून आलेले नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याच भागात एक जागतिक विक्रम झाला होता, हे वाचकांना आठवत असेल. अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर लांबीच्या एका पट्ट्याचे डांबरीकरण सलग 105 तास 33 मिनिटांत पूर्ण केले गेले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. मजुरांनी, इंजिनिअरांनी रात्रंदिवस राबून केलेले ते काम खरोखरच कौतुकाचे. ते वाचून आमच्या वस्तीतला एक मुलगा म्हणाला, "काका, 105 तासात 75 किलोमीटर होते, तं आपला फाट्यापासूनचा दोन किलोमीटर किती तासाचा?" आम्ही पाटीवर गणित करून पाहिले. तीन तासही लागत नाहीत. त्याच्या पुढे काय बोलणार?

अर्थात आमच्या मातीतला रस्ता करणे सोपे नाही, हेही खरे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वावरातल्या भेगेत वहाण जाते हे आपण पाहतोच. तीच माती रस्त्याच्या पोटात असली की वरचे डांबर दर वर्षी खाली-वर होते, त्याला चिरा पडतात, चिरांतून पाणी आत जाते, आणि दोन पावसाळ्यांत खड्डे. याला उपाय आहेत आणि ते नवे नाहीत. काळी माती पुरेशी उकरून काढणे किंवा तिच्यात चुना मिसळणे, मुरमाचा जाड थर दाबून भरणे, आणि दोन्ही बाजूंनी नाली काढून पाणी बाहेर पळवणे. यांतली नाली हीच आधी वगळली जाते, कारण ती फोटोत दिसत नाही.

दुसरा शत्रू जास्तीचा भार. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात रस्त्यांची मोठी चाचणी झाली. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्करी जवानांनी दिवसरात्र ट्रक चालवले. निघाले असे की चाकाच्या आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सुमारे 16 पट होते. म्हणजे रेती किंवा गिट्टी वर शीग लावून भरलेला एक टिप्पर शेकडो मोटारसायकलींनी होत नाही इतके नुकसान एका फेरीत करून जातो. गावातल्या रस्त्याचे खड्डे पाहून आपण पावसाला दोष देतो. रात्री दोन वाजता त्या रस्त्याने काय गेले, तेही कधी पाहावे.

आता या सदरातल्या आमच्या भगिनींशी थोडे बोलायचे आहे. वेचणीच्या हंगामात सकाळी सातला तेल्हाऱ्याच्या कोणत्याही रस्त्यावर उभे राहा. मालवाहू गाड्यांत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस बाया उभ्या असतात. डोक्याला रुमाल, हातात डबा, एखादीच्या कडेवर लेकरू. वावराचा मालक गाडी पाठवतो, भाडे लागत नाही, म्हणून सगळ्या चढतात. एसटीत 17 मार्च 2023 पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, ते चांगलेच झाले, पण एसटी वावरापर्यंत जात नाही आणि मजुरीच्या वेळेलाही जात नाही. तेव्हा 'मालगाडीत बसू नका' असा उपदेश करून आम्ही मोकळे होणार नाही. बसल्याशिवाय चूल पेटत नाही हे आम्हाला ठाऊक आहे.

पण एक गोष्ट माहीत असावी. माल वाहणाऱ्या गाडीत माणसे नेणे कायद्याला मान्य नाही. आणि अशी गाडी उलटली तर आत बसलेल्या फुकटच्या प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2002 च्या डिसेंबरमध्ये दिला आहे. मग उरतो गाडीमालक, आणि त्याच्याकडून पैसा निघता निघता वर्षे जातात. म्हणून ज्या मुकादमामार्फत काम मिळते त्याच्याशी टोळीच्या बायांनी एकत्र बोलावे की माणसे बसवण्याचा परवाना असलेली गाडी ठरव. एकटीचे कोणी ऐकत नाही, वीसजणींचे ऐकतो, कारण वेचणीच्या दिवसांत त्यालाही दुसरी टोळी मिळत नाही. एका गावच्या बायांनी मागच्या हंगामात असेच केले. भाड्यासाठी रोजातून थोडे कापू असे मालक म्हणाला, बाया म्हणाल्या कापू नको, आणि शेवटी त्याने निम्मे सोसले.

आणि अपघात दिसला तर घाबरून पुढे जाऊ नका. 108 ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून आहे, फोनला पैसे लागत नाहीत. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती आपल्या लोकांत फार आहे. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले आहे. नाव सांगायचे नसेल तर सांगावे लागत नाही.

गाडीत कोण बसेल आणि कोणाला बसू द्यायचे नाही, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत दोन प्रवास लिहून ठेवले आहेत. 1901 साली लहानगा भीम भावंडांसह वडिलांना भेटायला कोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच कोणी बैलगाडी देईना. शेवटी एक गाडीवान तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनीच हाकायची, तो पायी चालणार. पुढे 1929 च्या ऑक्टोबरात बॅरिस्टर झालेले बाबासाहेब चाळीसगावला उतरले तर तिथल्या टांगेवाल्यांनी त्यांना घेऊन जायला नकार दिला. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने मिळवला, हाकणारा आपल्यातलाच, पण त्या कामाची सवय नसलेला. पुलावर चाक अडकले आणि बाबासाहेब खाली दगडांवर आपटले, पायाचे हाड मोडले. पोरके वाटावे अशी ती हकीकत, पण त्यात टांगेवाल्यांवर जितका राग आहे तितकीच त्या हाकणाऱ्याविषयी माया आहे.

तिकडे अमेरिकेत मॉन्टगोमेरी शहरात 1955 च्या डिसेंबरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, तो 381 दिवस चालला. त्यात पायी चालणाऱ्या बहुतेक बाया होत्या, लोकांच्या घरी धुणी-भांडी करणाऱ्या. बस कंपनीचा गल्लाच त्यांच्या नाण्यांवर चालत होता हे त्या वर्षभरात कंपनीला कळले.

आज जात विचारून कोणी एसटीतून उतरवत नाही. पण गावातला डांबरी रस्ता कोणत्या वळणावर संपतो आणि चिखल कुठे सुरू होतो, हे ज्याने त्याने आपापल्या गावी जाऊन पाहावे. प्रेत न्यायच्या वाटेवर गुडघाभर गारा असलेल्या वस्त्या आम्हाला माहीत आहेत. वावरात जाणाऱ्या पांदणीचे तेच. नकाशावर ती रुंद असते, आणि प्रत्यक्षात दोन्ही धुऱ्यांनी खाऊन बैलगाडी जेमतेम जाईल इतकी राहते. 2021 साली सरकारने मातोश्री नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली. तिच्यात आपल्या शिवारातली पांदण आहे की नाही, हे ग्रामसभेत विचारता येते. विचारणारा उभा राहिला की पहिल्यांदा सगळे त्याच्याकडे वळून पाहतात, मग हळूहळू आणखी एक-दोन उठतात.

रस्ता झाल्यावर कडेला एक फलक लावतात, त्याच्याकडे आपण जाहिरात म्हणून पाहतो. त्यावर कामाची किंमत, कंत्राटदार, आणि किती वर्षे दुरुस्ती त्यानेच करायची हे लिहिलेले असते. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्याला ही मुदत पाच वर्षांची आहे. तीन वर्षांत खड्डा पडला तर तो सरकारी पैशाने नव्हे, त्याच्या पैशाने बुजला पाहिजे. आपल्या दहावी-बारावीतल्या मुलांना हा फलक वहीत उतरवून आणायला सांगा. फलकच गायब असेल तर 2005 च्या माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही पडत नाहीत. अर्ज कोणत्या कचेरीत द्यायचा हे मात्र आधी पाहा. गावाचा रस्ता जिल्हा परिषदेकडे, मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, शहरातला नगरपरिषदेकडे असतो. चुकीच्या दारी गेलेला कागद त्यांनी पुढे पाठवायचा असतो, पण महिना त्यात जातो.

त्या दिवशीचे सांगायचे राहिले. म्हातारीची आमची पुन्हा गाठ पडली ती संध्याकाळी अकोल्याच्या स्थानकावर. सुई झाली होती. पंचाहत्तरी उलटल्यामुळे तिला तिकीट लागत नव्हते, आधार कार्ड मात्र तिने पदराच्या गाठीतच बांधून ठेवले होते. तेल्हाऱ्याला पोचायला रात्र होणार होती, म्हणजे पुन्हा लेकीकडे मुक्काम आणि सकाळी जे काही मिळेल त्याने घर. आम्ही तिला खिडकीची जागा दिली. अकोट गेल्यावर ती झोपली. अडगावच्या पुढे खड्ड्यात गाडी जोरात आदळली, तशी दचकून जागी झाली आणि बाहेरच्या अंधाराकडे पाहून म्हणाली, "आलं वाटते जवळ."